मज्जारज्जूच्या इजेची नोंद, संशोधन आणि शिकवण ठाणे-नवी मुंबईत सुरू व्हावी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

२०१६ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस सुरू होण्यापूर्वी पत्र्यांवर ताडपत्री टाकत असताना माझे यजमान ऐरोलीतील आमच्या बैठ्या घराच्या छपरावरून खाली पडले. उंची बारा-तेरा फुटांपेक्षा जास्त नसेल. ते पूर्ण शुद्धीवर होते, खरचटल्याखेरीज अंगावर कुठे रक्त दिसत नव्हते, आणि मी धावत जवळ गेले तेव्हा त्यांनी मला एवढेच विचारले, "माझे पाय सरळ आहेत की दुमडलेत?" पाय सरळ होते. त्यांना ते कळत नव्हते. शेजारची मुले जिवाच्या आकांताने धावून आली. एकाने काखेत हात घातले, दुसऱ्याने गुडघ्यांखाली धरले, आणि रिक्षाच्या मागच्या सीटवर बसते करून आम्ही त्यांना रुग्णालयात नेले. त्या मुलांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. परंतु पाठीच्या कण्याला मार लागलेल्या माणसाला असे मध्येच वाकवून उचलायचे नसते, हे त्या गल्लीत जमलेल्या तीस-चाळीस माणसांपैकी एकालाही ठाऊक नव्हते, आणि त्यांत मीही होते. त्यांचे पाय पडताक्षणीच गेले की उचलताना, याचे उत्तर आम्हाला आता कधीच मिळणार नाही.

५ सप्टेंबर हा दिवस आपण शिक्षक दिन म्हणून साजरा करतो. २०१६ पासून तोच दिवस जगभर मज्जारज्जूच्या, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जातंतूंच्या दोरीच्या, इजेचा दिन म्हणूनही पाळला जातो. हे दोन दिवस एकाच तारखेला येणे हा योगायोग असेल, पण मला या पत्रातून जे मांडायचे आहे ते शिकणे आणि शिकवणे यांच्याविषयीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे जगात दीड कोटींहून अधिक माणसे या इजेसह जगत आहेत. आपल्याकडे या इजेवरचा पैसा, धावपळ आणि लक्ष सगळे शस्त्रक्रियेपाशी येऊन थांबते, आणि त्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांसाठी जे ज्ञान लागते ते रुग्णाच्या घरी पोहोचवण्याची जबाबदारी कुणाचीच नसते. हे ज्ञान गोळा करणारी, तपासणारी आणि शिकवणारी एक व्यवस्था ठाणे जिल्ह्यात उभी राहावी, आणि तिच्यासाठी महापालिकांनी स्वतःचा निधी वापरावा, अशी माझी मागणी आहे.

आपल्या बोलीतला एक घोटाळा या गैरसमजांच्या मुळाशी आहे, असे मला गेली काही वर्षे वाटत आले आहे. आपण सरसकट "लकवा मारला" म्हणतो. मेंदूतील रक्तवाहिनी तुंबून किंवा फुटून शरीराची डावी वा उजवी बाजू गेली तरी लकवा, आणि मणका मोडून कमरेखालचे सगळे शरीर गेले तरी लकवाच. वास्तविक या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. मज्जारज्जू म्हणजे मेंदूपासून निघून कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापर्यंत उतरणारी, साधारण करंगळीच्या जाडीची आणि ४५ सेंटिमीटरच्या आसपास लांबीची मज्जातंतूंची दोरी. तिच्यातून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या बाहेर पडतात आणि हात, छाती, पोट, पाय, मूत्राशय, आतडी या सर्वांना मेंदूचे निरोप पोहोचवतात. ही दोरी चेंगरली की तिथून खालच्या भागाला वरचा निरोप जात नाही आणि खालची जाणीव वर येत नाही. मेंदू मात्र पूर्ण शाबूत असतो. मानेत इजा झाली तर हातपाय चारही जातात, पाठीत किंवा कमरेत झाली तर पाय जातात, आणि दोन्ही प्रकारांत लघवी-संडासवरचा ताबा बहुधा जातो. यजमानांची इजा डॉक्टर ज्याला "डी-१२" म्हणतात त्या ठिकाणची, म्हणजे छातीच्या शेवटच्या मणक्याशी आहे. आमच्याकडे नातेवाईक आले ते लकव्याची औषधे घेऊनच आले. एकाने पायांना कबुतराचे रक्त चोळण्याचा आग्रह धरला, दुसऱ्याने एका गावच्या तेलाची बाटली आणली. सगळ्यांचा हेतू चांगला होता. ज्या आजाराचे नावच आपल्याला धड माहीत नाही, त्याच्यावर माणसे दुसरे करणार तरी काय?

रुग्णालयात तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. मोडलेल्या मणक्याच्या वर-खाली स्क्रू घालून दोन सळ्या बसवल्या. बाहेर येऊन डॉक्टरांनी "ऑपरेशन यशस्वी झाले" असे सांगितले आणि आम्ही जिन्यात पेढे वाटले. आज त्या पेढ्यांची आठवण आली की घशाशी येते, कारण ते वाक्य खरे होते आणि आम्ही त्याचा अर्थ मात्र पूर्ण चुकीचा घेतला होता. त्या सळ्या मणक्यांना स्थिर करतात, दोरीवरचा दाब काढतात, माणसाला लवकर उठवून बसवणे शक्य करतात. आत चेंगरलेले मज्जातंतू त्या जोडत नाहीत, जगातली कोणतीही शस्त्रक्रिया आजघडीला ते करू शकत नाही. हे आम्हाला कुणी समोर बसवून, मराठीत, पंधरा मिनिटे देऊन सांगितले असते तर पुढची दोन वर्षे आम्ही "पाय कधी हलतील" याची वाट पाहण्यात घालवली नसती आणि त्या दोन वर्षांत जे शिकायला हवे होते ते शिकलो असतो. रुग्णालयाचे नाव मी लिहीत नाही, कारण माझी तक्रार त्या एका इमारतीबद्दल नाही. नंतर ओळखीच्या झालेल्या दहा-बारा कुटुंबांनी वेगवेगळ्या दवाखान्यांतली हीच हकीकत मला सांगितली आहे.

एकविसाव्या दिवशी आम्ही घरी आलो. हातात कागदांची फाइल, गोळ्यांची पिशवी आणि लघवीची नळी एवढेच होते. घरी आल्यानंतर नवव्या दिवशी अंग पुसताना मला त्यांच्या माकडहाडावर रुपयाच्या नाण्याएवढा लाल डाग दिसला. दाबल्यावर तो पांढरा पडत नव्हता. घामोळे असेल म्हणून मी पावडर लावली. दोन आठवड्यांत तिथे माझी अर्धी मूठ जाईल एवढी जखम झाली, आतले पांढरे दिसू लागले आणि घरात वास भरून राहिला. त्यांना मात्र वेदना नव्हती, आणि तीच या जखमेची सर्वांत वाईट बाजू आहे, कारण निरोगी माणूस ज्या कळेमुळे झोपेतही कूस बदलतो ती कळच त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हती. ती जखम भरायला चौदा महिने आणि आणखी एक शस्त्रक्रिया लागली, आणि तेवढ्या काळात रबाळे एमआयडीसीतील कारखान्यातली त्यांची फिटरची नोकरी गेली. ती जखम टाळण्यासाठी काय लागले असते? दर दोन तासांनी कूस बदलणे आणि रोज सकाळी आरशात कातडी पाहणे, एवढेच. पुढे आम्ही ते शिकलो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मी तारखेच्या चौकटीत "डा", "उ", "पा" अशी अक्षरे लिहू लागले, म्हणजे डावी कूस, उजवी कूस, पाठ. रात्री अकरा, एक, तीन आणि पाचचा गजर लावून मी आणि माझा मुलगा आळीपाळीने उठत असू. तो तेव्हा नववीत होता.

ही दोन तासांची शिस्त काही नवी नाही. पहिल्या महायुद्धात पाठीला गोळी लागून लुळे पडलेले बहुसंख्य सैनिक अशा जखमा आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांमुळे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत, आणि डॉक्टरही त्यांची आशा सोडत. जर्मनीतून इंग्लंडमध्ये आश्रयाला गेलेले डॉ. लुडविग गुटमन यांनी १ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडविल रुग्णालयात अशा सैनिकांसाठी स्वतंत्र केंद्र सुरू केले. त्यांच्याकडे कोणतेही नवे औषध नव्हते. रात्रंदिवस दर दोन तासांनी रुग्णाला वळवायचे, नळीची स्वच्छता पाळायची, लवकर बसते करायचे, हाताला काम आणि खेळ द्यायचा, आणि हे सगळे परिचारिकांपासून रुग्णापर्यंत प्रत्येकाला शिकवायचे, हा त्यांचा उपचार होता. माणसे जगू लागली. १९४८ मध्ये त्यांनी १६ जखमी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली आणि त्यातूनच १९६० ची रोममधील पहिली पॅरालिम्पिक स्पर्धा उभी राहिली. आपल्या सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि त्यांनी १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पोहण्याच्या शर्यतीत भारताला पॅरालिम्पिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. सैनिकांसाठी पुण्याजवळ खडकीला १९७४ पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे आणि तेथील शिस्त पाहण्यासारखी आहे. छपरावरून, परांचीवरून, लोकलमधून पडणाऱ्या आपल्यासारख्यांना तशी शिस्त शिकवणारे ठिकाण या जिल्ह्यात कुठे आहे?

याच १९७२ सालाशी आमच्या घराचा आणखी एक संबंध आहे. त्या वर्षी अमेरिकेतील मिशिगनच्या डॉ. जॅक लॅपिडेस यांनी दाखवून दिले की, कायमची नळी आत ठेवण्याऐवजी रुग्णाने दर चार-सहा तासांनी स्वच्छ हातांनी स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामे केले आणि नळी काढून घेतली, तर संसर्ग कमी होतो आणि मूत्रपिंडे वाचतात. त्यासाठी शस्त्रक्रियागृहासारखी निर्जंतुकता लागत नाही, साबणाने धुतलेले हात पुरतात. यजमानांना कायमच्या नळीमुळे दोन वर्षांत अकरा वेळा थंडी वाजून ताप आला. २०१८ मध्ये ठाणे स्थानकाबाहेर व्हीलचेअरवरचे एक गृहस्थ भेटले, त्यांनी आम्हाला त्यांच्या घरी नेले आणि अर्ध्या तासात ही पद्धत शिकवली. त्यानंतर तापाचे प्रमाण वर्षातून एखाद्या वेळेवर आले. म्हणजे १९७२ साली जगाला कळलेली गोष्ट ऐरोलीतील आमच्या घरात यायला ४६ वर्षे लागली, आणि तीही डॉक्टरांकरवी नव्हे, रस्त्यात भेटलेल्या एका माणसामुळे आली. संशोधनाला पाठबळ द्या असे मी म्हणते तेव्हा माझ्या मनात नव्या शोधांइतकाच हा प्रश्न असतो की, झालेले शोध वाटेत कुठे अडकतात आणि ते कसे सोडवायचे. हाही संशोधनाचाच विषय आहे आणि तो परदेशात बसून कुणी सोडवून देणार नाही.

नव्या शोधांबद्दल मला आस्था नाही असे कुणी समजू नये. मज्जारज्जूचे तंतू पुन्हा वाढूच शकत नाहीत असा समज कित्येक दशके होता. १९८१ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथे सॅम्युएल डेव्हिड आणि अल्बर्ट अग्वायो यांनी प्राण्यांवरील प्रयोगात दाखवले की, भोवतालचे वातावरण अनुकूल मिळाले तर ते वाढतात. तेव्हापासून सगळा शोध त्या वातावरणाचा आहे. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील ग्रेगवार कुर्तीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मज्जारज्जूवर बसवलेल्या विद्युत्-उपकरणाच्या साहाय्याने काही रुग्णांना आधार घेऊन चालवून दाखवल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध केले, आणि २०२३ मध्ये मेंदूतील हेतू टिपून तो थेट मज्जारज्जूपर्यंत पोहोचवणारा बिनतारी दुवाही सिद्ध केला. मानेच्या अपूर्ण इजेत, म्हणजे दोरीतून काही निरोप अजून जात असतात तेव्हा, हातांची ताकद सुधारण्यासाठी त्वचेवरून विद्युत्-स्पंदने देणाऱ्या एका उपकरणाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२४ मध्ये परवानगी दिली. ज्याचा अंगठा आणि बोट एकमेकांना टेकत नाहीत, त्याला हातात स्वतः चमचा धरता येणे म्हणजे काय, हे अशा घरातल्या माणसालाच विचारावे. ही कामे पुढे जावीत, त्यांत आपल्या विद्यापीठांचा आणि आयआयटीसारख्या संस्थांचा वाटा वाढावा, हे मला मनापासून वाटते.

पण याच आशेच्या बाजारात लूटही चालते. अपघातानंतर आठ महिन्यांनी एका खाजगी दवाखान्याने "स्टेम सेल"ची, म्हणजे मूलपेशींची, चार इंजेक्शने दिली की पायांत जोर येईल असे सांगून आमच्याकडे सात लाख रुपये मागितले. जुन्नरकडची वडिलोपार्जित जमीन विकायला माझे दीर तयार झाले होते. एका ओळखीच्या परिचारिकेने वेळीच सावध केले म्हणून ती जमीन आजही आमच्या नावावर आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांसारख्या ठरावीक मान्य उपचारांखेरीज मूलपेशींचा वापर फक्त मंजूर झालेल्या चाचणीतच करता येतो, आणि अशा चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. चाचणी खरी आहे का हे देशाच्या क्लिनिकल ट्रायल नोंदणीत कुणालाही पाहता येते. २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे. आपल्या वृत्तपत्राने ही एवढी माहिती चौकटीत छापली तरी कित्येक घरांची जमीन वाचेल.

आता नोंदीविषयी. मुंबईत १९६३ साली कर्करोगाची लोकसंख्येवर आधारित नोंदवही सुरू झाली, ती देशातली पहिली. कोणता कर्करोग कुठे वाढतो आहे, रुग्ण किती उशिरा येतात, हे तिच्यामुळे कळू लागले आणि त्यानुसार कामे ठरली. मज्जारज्जूच्या इजेची अशी नोंद आपल्याकडे नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यात गेल्या वर्षी किती जणांचा मणका मोडला, त्यांतले किती परांचीवरून पडले, किती घोडबंदर रस्त्यावरच्या खड्ड्यात दुचाकीवरून, किती लोकलमधून आणि किती आमच्यासारखे स्वतःच्या छपरावरून, हे कोणत्याही कार्यालयात विचारले तरी सांगता येणार नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर लोकलच्या दारातले प्रवासी रुळांवर पडले तेव्हा मृतांचा आकडा त्याच दिवशी सर्वांना कळला. अशा अपघातांत जे वाचतात त्यांचे पुढे काय होते, हे कुणी लिहून ठेवत नाही. किती जणांना घरी गेल्यावर जखमा झाल्या, किती कामावर परतले, दोन वर्षांनी किती जिवंत आहेत? अपघाताखेरीज मणक्याच्या क्षयरोगानेही आपल्याकडे माणसे लुळी पडतात, आणि तो वेळेत ओळखला तर औषधांनी पाय वाचू शकतात. न थांबणारी पाठदुखी, संध्याकाळचा ताप आणि घटणारे वजन घेऊन येणारा रुग्ण महिनोन्महिने मलमे का लावत बसतो, हेही अशा नोंदवहीतून दिसेल. कळव्याला ठाणे महापालिकेचे स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी ही नोंदवही सांभाळली, रुग्णांना तीन महिन्यांनी, वर्षाने, दोन वर्षांनी फोन केले, तर फारसा खर्च न येता त्यातून खरे संशोधन उभे राहील, आणि उद्या डॉक्टर होणारी मुले या आजाराला शस्त्रक्रियेनंतरही ओळखू लागतील.

मणक्याला मार लागलेल्या माणसाला उचलण्याच्या शिक्षणाची सुरुवात मी गोविंदा पथकांपासून करावी असे म्हणेन. दहीहंडी हा ठाण्याचा अभिमान आहे, २०१२ साली नऊ थरांचा विक्रम ठाण्यातच झाला, आणि मी त्या उत्सवाच्या विरोधात बिलकूल नाही. २०२२ पासून राज्य सरकारने तिला साहसी खेळाचा दर्जा दिला आहे आणि विम्याचीही सोय केली आहे. त्याबरोबर प्रत्येक पथकातल्या किमान सहा मुलांना सरावाच्या काळातच हे शिकवावे की, पडलेल्या गड्याला मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील किंवा पाय हलत नसतील, तर त्याला बसवायचे नाही, पाणी पाजायला डोके उचलायचे नाही; एकाने डोके दोन्ही बाजूंनी धरून मान सरळ ठेवायची, बाकीच्यांनी खांदा, कंबर आणि पाय धरून डोके धरणाऱ्याच्या इशाऱ्यावर लाकडाच्या ओंडक्यासारखे सगळे अंग एकदम वळवायचे, खाली फळी सरकवायची आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायचे. आग लागली असेल, श्वास थांबला असेल किंवा रुळांवर माणूस पडला असेल, तर अर्थातच आधी जीव वाचवायचा. हे शिकवायला एक दुपार पुरते. त्यानंतर बांधकामांवरचे मुकादम, रिक्षा संघटना, रेल्वे फलाटांवरचे हमाल यांच्याकडे जावे. मदत केली तर पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीती अजून लोकांच्या मनात आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले १३४-अ हे कलम मदत करणाऱ्याला संरक्षण देते, हेही त्याच दुपारी सांगावे.

पैशांचा प्रश्न पुढे केला जाईल याची मला कल्पना आहे. केंद्र सरकारने मे २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमींसाठी दीड लाख रुपयांपर्यंतच्या, सात दिवसांच्या रोकडरहित उपचारांची योजना आणली, तिचे मी स्वागत करते. परंतु ही इजा सात दिवसांत जेमतेम सुरू झालेली असते, आणि छपरावरून पडलेला माणूस त्या योजनेत बसतही नाही. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. त्यातून मिळणारे अर्थसाहाय्य गरजेचे आहे आणि ते थांबवावे असे मी मुळीच म्हणत नाही. त्याच निधीतला एक ठरावीक हिस्सा ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांनी एकत्र येऊन वीस खाटांच्या पुनर्वसन कक्षासाठी द्यावा, जिथे शस्त्रक्रियेनंतर रुग्ण आणि त्याच्या घरचे एक माणूस सहा आठवडे राहील आणि कूस बदलणे, कातडी तपासणे, नळी घालणे, खाटेवरून व्हीलचेअरवर सरकणे या गोष्टी हाताने करून शिकेल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे २८ वे कलम पुनर्वसनाविषयीच्या संशोधनाची जबाबदारी शासनावर टाकते. एमआयडीसीतल्या कंपन्यांचा सामाजिक दायित्वाचा पैसा आहे. नवी मुंबई महापालिकेने वाशीच्या ईटीसी केंद्रातून दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचे जे काम उभे केले आहे, ते पाहता मनावर घेतले तर महापालिका काय करू शकते हे आपल्या डोळ्यांसमोर आहे. आज आमच्यासाठी सरकारी पुनर्वसनाची मोठी संस्था म्हणजे हाजीअलीची, १९५५ पासून चालू असलेली. तिथले लोक मनापासून काम करतात. पण ज्याला दर अर्ध्या तासाने हातांवर जोर देऊन बूड उचलावे लागते, त्याला ऐरोलीहून टॅक्सीने तिथवर नेणे आणि आणणे म्हणजे एका तपासणीसाठी सबंध दिवस आणि दोन दिवसांची कमाई.

अशा कक्षात शिकवायला शिक्षक कुठून आणायचे, असेही विचारले जाईल. वेल्लोरच्या डॉ. मेरी व्हर्गीज १९५४ मध्ये मोटार अपघातात कमरेखाली लुळ्या पडल्या, व्हीलचेअरवर बसून त्यांनी हातांच्या शस्त्रक्रिया केल्या, आणि पुढे १९६६ साली वेल्लोरला रुग्णांना ठेवून घेणारे पुनर्वसन केंद्र त्यांच्याच पुढाकाराने उभे राहिले. ज्याने हे सोसले आहे त्याच्याइतके नीट ते दुसरा कुणी शिकवू शकत नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. मानेची इजा झालेल्या रुग्णाची नळी तुंबली की त्याचा रक्तदाब एकदम चढतो, डोके फुटेल असे दुखते, चेहऱ्यावर घाम सुटतो. अशा वेळी त्याला उठवून बसवायचे, कपडे सैल करायचे आणि पहिल्यांदा नळी तपासायची, हे दिघ्यातल्या एका पंचवीस वर्षांच्या मुलाच्या आईने मला सांगितले, आणि तिने ते मुलाला दोनदा अतिदक्षता विभागात ठेवल्यानंतर शिकले होते. अशा माणसांना मानधन देऊन शिक्षक म्हणून नेमावे.

माझे यजमान आता घरातूनच मिक्सर आणि शिलाई यंत्रे दुरुस्त करतात. नोंदवही सुरू झाली तर तिच्यात पहिले नाव त्यांचे लिहावे, जखमेच्या छायाचित्रांसह आमची सगळी फाइल विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी द्यायला आम्ही तयार आहोत, असे त्यांनी मला या पत्रात मुद्दाम लिहायला सांगितले आहे. कक्ष होईल तेव्हा होईल. तोवर मणक्याच्या इजेचा रुग्ण नुकताच घरी आणलेल्या ठाणे-नवी मुंबईतील कुठल्याही कुटुंबाने आपल्या कार्यालयामार्फत आमच्याशी संपर्क साधल्यास, कूस कशी बदलायची आणि कातडी कशी पाहायची हे दाखवायला मी कोणत्याही रविवारी त्यांच्या घरी येईन. पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक स्वतंत्र कागदावर जोडला आहे. तो छापू नये, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई